क्लाइन म्हणजे बारक्या

आमच्या शाळेत मराठी आणि उर्दू अशा दोन्ही माध्यमांचे वर्ग आहेत आणि मी दोन्हीकडे भाषा शिकवतो. गेल्या पावसाळ्यात गणवेश वाळला नाही म्हणून नववीतला एक मुलगा साध्या टी-शर्टवर वर्गात आला. छातीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत ‘केल्विन क्लाइन’. आठवडी बाजारातला माल, त्यामुळे स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं. मी ते पाहतोय हे त्याच्या लक्षात आलं. “सर, हे कुणाचं नाव आहे की नुसतंच लिहिलंय?” मी म्हटलं, न्यूयॉर्कमधल्या एका कपडेवाल्याचं नाव आहे. केल्विन हे त्याचं नाव आणि क्लाइन आडनाव. “आडनावाचा अर्थ काय?” जर्मन शब्द आहे, अर्थ लहान, असं मी सांगून टाकलं. सगळा वर्ग हसला, कारण मागच्या बाकावर लहाने आडनावाचा मुलगा बसतो आणि तो वर्गात सगळ्यांत उंच आहे.

उत्तर चूक नव्हतं, पण अर्धवट होतं. नंतर मी या एका आडनावाच्या मागे लागलो आणि कुठल्या कुठे जाऊन पोहोचलो. ते इथे मांडतोय.

जर्मनीत सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या आडनावांची यादी पाहिली तर पहिली चौदा नावं कामधंद्याची किंवा गावकारभाराची आहेत. म्युलर म्हणजे पाणचक्कीवर दळण दळणारा, श्मिट लोहार, श्नायडर शिंपी, फिशर कोळी, वेबर विणकर, वाग्नर गाडे बनवणारा, बेकर नानबाई, शेफर मेंढपाळ, कोख आचारी, बाउअर शेतकरी. मायर, शुल्त्स, होफमान, रिश्टर ही नावं जमीनजुमला आणि गावाचा कारभार पाहणाऱ्यांची. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन आणि काझी, इनामदार, पाटील, देशमुख ही सगळी त्याच जातकुळीतली नावं आहेत. पंधराव्या क्रमांकाच्या आसपास पहिल्यांदा असं आडनाव येतं की ज्याचा धंद्याशी, पदाशी काही संबंध नाही. ते फक्त माणूस दिसायला कसा होता एवढंच सांगतं. ते आडनाव म्हणजे क्लाइन. त्याच्या मागोमाग श्वार्त्स, म्हणजे आपले काळे. वाइस म्हणजे गोरे, लांग म्हणजे लांबे, क्राउझे म्हणजे कुरळ्या केसांचा.

साधारण बाराव्या शतकापर्यंत जर्मन माणसाला एकच नाव पुरत होतं. मग शहरं वाढली, आणि आडनावांची पद्धत आधी दक्षिणेत, ऱ्हाईन नदीच्या काठच्या शहरांत रुजली. कर घ्यायचा कुणाकडून, घर विकलं कुणी, बापाची मिळकत कुणाला मिळाली हे कागदावर लिहायची वेळ आली. पण ठेवायची नावं मात्र मोजकीच होती. गल्लीत चार हाइनरिश, पाच कोनराड, आणि योहान्स तर मोजायलाच नकोत. हाइनरिशचं घरगुती रूप हिन्त्स आणि कोनराडचं कुन्त्स. जर्मन भाषेत आजही ‘हिन्त्स आणि कुन्त्स’ म्हणजे आपले सोम्यागोम्या. एवढ्या सोम्यागोम्यांतून नेमका माणूस ओळखायचा तर काहीतरी जोडावंच लागणार. मग कुणी काळा हाइनरिश झाला, कुणी लहान हान्स. हा लहान हान्स तर एकसंध आडनाव होऊन बसला आहे, क्लाइनहान्स.

आता या लहान हान्सची उंची खरोखर कमी होती का? काहींची असेलही. पण पुष्कळदा इथे लहान म्हणजे धाकटा. बापाचंही नाव हान्स आणि मुलाचंही हान्स, तर मुलगा लहान हान्स. आमच्या घरात मोठ्या काकांना बडे अब्बा आणि धाकट्या काकांना छोटे अब्बा म्हणतात. छोटे अब्बा बडे अब्बांपेक्षा वीतभर उंच आहेत, पण म्हणून कुणी हाक बदललेली नाही. हे आमच्याकडे घरापुरतं राहिलं. जर्मनीत ते दप्तरात उतरलं आणि पिढ्यान् पिढ्या चालू राहिलं. नातू ताडमाड वाढला तरी क्लाइनच.

इथे मला बसऱ्याचे हुमैद तवील आठवतात. हिजरी दुसऱ्या शतकातले हदीसचे रावी. तवील म्हणजे उंच. पण अरबी भाषेचा मोठा जाणकार अस्मई याच्या हवाल्यानं सांगितलं जातं की त्यानं हुमैदना पाहिलं होतं आणि ते काही उंच नव्हते. त्यांच्या शेजारी हुमैद नावाचाच दुसरा गृहस्थ राहायचा. त्याला लोक हुमैद कसीर म्हणजे बुटका हुमैद म्हणायचे. मग घोटाळा नको म्हणून हे झाले उंच हुमैद! अरबीत अशा नावाला लकब म्हणतात. अरबी गद्याचा बादशहा जाहिज, त्याच्या नावाचा अर्थ बटबटीत डोळ्यांचा. हदीसच्या सनदीत येणारे आमश म्हणजे अधू डोळ्यांचे, आरज म्हणजे लंगडे. एकमेकांना वाईट नावं ठेवू नयेत, अशी ताकीद कुरआनात असताना या बुजुर्गांना अशी नावं कशी, हा प्रश्न आलिमांनाही पडला होता. ओळख पटवण्यासाठी असेल आणि हिणवण्यासाठी नसेल तर चालेल, असं त्यांनी ठरवलं. जर्मन लोकांनी याचा इतका विचार केलेला दिसत नाही. टकल्याला त्यांनी सरळ काल म्हटलं, आणि तेही आडनाव आजपर्यंत टिकून आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर ‘क्लाइन म्हणजे लहान’ हे माझं उत्तर बरोबर ठरलं असतं. पण हा शब्द मुळात लहान या अर्थाचा नव्हताच. जुन्या जर्मन भाषेत त्याचा अर्थ होता चकचकीत, घासूनपुसून लखलखीत केलेला. इंग्रजीतला स्वच्छ या अर्थाचा ‘क्लीन’ हा त्याचा सख्खा भाऊ. चकचकीतवरून अर्थ सरकला नाजूक, सुबक, बारीक कलाकुसरीचा याकडे. माणसाबद्दल वापरला तर नीटनेटका, चलाख. आडनावं पडत होती त्या काळात हा जुना अर्थ अजून जिवंत होता. म्हणजे आज क्लाइन म्हणवणाऱ्यांपैकी काहींचा मूळ पुरुष बुटका किंवा धाकटा नसून देखणा, टापटीप राहणारा असण्याची चांगलीच शक्यता आहे. दागिन्याला, मौल्यवान वस्तूला जर्मनमध्ये आजही क्लाइनोड म्हणतात. त्यात तो जुना अर्थ दडून राहिला आहे.

मग तेव्हा ‘लहान’साठी कुठला शब्द होता? ल्युत्सेल, म्हणजे इंग्रजी ‘लिटल’चा नातेवाईक. हा शब्द प्रमाण जर्मनमधून जवळजवळ गेला, पण एका देशाच्या नावात कायमचा बसला. लक्झेंबर्ग! ९६३ सालच्या एका दस्तऐवजात सीगफ्रीड नावाच्या सरदारानं मिळवलेल्या गढीचं नाव लुसिलिनबुर्हुक असं येतं, म्हणजे लहानशी गढी. त्या गढीवरून शहराला आणि शहरावरून देशाला नाव मिळालं.

बारीक, नाजूक या अर्थाचा शब्द लहान या अर्थावर कसा येतो, हे समजायला मराठी माणसाला जर्मनीत जायची गरज नाही. ‘बारीक’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उर्दूत बारीक म्हणजे पातळ, सूक्ष्म. बारीक-बीन म्हणजे खोलवर पाहणारा. उर्दूत एखाद्याच्या बोलण्यात बारीकी आहे म्हटलं तर ती तारीफ असते. तोच शब्द मराठीत आला, रानात रुळला आणि पोरांना चिकटला. बारकं पोरगं, बारकी, बारक्या. मराठवाड्यातल्या कुठल्याही वाडीत दहा घरं फिरा, एक तरी बारक्या भेटेल, आणि तो साठ वर्षांचा असला तरी बारक्याच असेल. क्लाइनचं भाषांतर मी वर्गात लहान असं केलं. खरं भाषांतर बारक्या. दोन्ही शब्द अगदी एकाच वाटेनं चालत आलेले आहेत आणि त्यांना एकमेकांची गंधवार्ताही नाही.

इथपर्यंतची गोष्ट ख्रिस्ती जर्मनांची. आता यहुद्यांची.

मध्य युरोपातल्या बहुतेक यहुद्यांना अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत आडनाव नव्हतं. त्यांची रीत आपल्या जुन्या रीतीसारखीच होती. अमुक बेन अमुक. अरबीतला इब्न आणि हिब्रूतला बेन हे एकाच घरचे. मोझेस मेंडेल्सझोन या मोठ्या तत्त्वज्ञाच्या नावाचा अर्थ इतकाच की मेंडेलचा मुलगा मूसा. सरकारला हे सोयीचं नव्हतं. कर आणि लष्करभरती यांसाठी दर पिढीला न बदलणारं नाव हवं होतं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ यानं २३ जुलै १७८७ रोजी फर्मान काढलं की १ जानेवारी १७८८ पासून आपल्या राज्यातल्या प्रत्येक यहुदी कुटुंबाला कायमचं आडनाव हवं. पुढे १८०८ मध्ये नेपोलियननं आणि १८१२ मध्ये प्रशियानं तेच केलं. जोसेफच्या राज्यात ही आडनावं बहुतेक जर्मनच घेतली गेली. मग सोपं काय? जी आजूबाजूला आधीच होती ती. क्लाइन, ग्रोस, श्वार्त्स, वाइस. हंगेरीतल्या यहुद्यांमध्ये ही चार नावं इतकी पसरली की त्यावर एक किस्सा तयार झाला. म्हणे अधिकाऱ्यानं गावातले सगळे यहुदी चौकात उभे केले आणि नुसत्या नजरेनं चार रांगा पाडल्या. उंच ते ग्रोस, बुटके ते क्लाइन, काळ्या केसांचे श्वार्त्स, उरलेले वाइस. किस्सा कितपत खरा ते सोडून द्या. पण कारकुनासमोर रांगेत उभं राहून आपलं नाव दुसऱ्यानं ठरवलेलं ऐकण्याचा अनुभव त्यात उतरला आहे, म्हणून तो टिकला असावा. केल्विन क्लाइनचं घराणं याच हंगेरीकडच्या यहुद्यांचं. माझ्या विद्यार्थ्याच्या छातीवर जोसेफच्या फर्मानाचा एक तुकडा छापलेला होता, स्पेलिंग चुकवून.

या फर्मानांचा एक परिणाम सम्राटाच्या मनात नसावा. आडनावावरून धर्म ओळखणं अशक्य झालं. क्लाइन ख्रिस्तीही असू शकत होता, यहुदीही.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण विज्ञानाच्या पुस्तकांत आहे. फेलिक्स क्लाइन हा थोर गणिती ड्युसेलडोर्फचा, प्रशियाच्या सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा, प्रोटेस्टंट. जन्म २५-४-१८४९. गणिताचे सर वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगतो, पाचाचा वर्ग, दोनाचा वर्ग आणि त्रेचाळीसचा वर्ग. आत-बाहेर असा भेदच नसलेली ‘क्लाइनची बाटली’ त्याचीच, १८८२ मधली. जर्मनमध्ये पृष्ठभागाला फ्लेखे आणि बाटलीला फ्लाशे म्हणतात, त्या गोंधळातून पृष्ठभागाची बाटली झाली असंही सांगतात. दुसरा ओस्कार क्लाइन. भौतिकशास्त्रातलं क्लाइन-गॉर्डन समीकरण त्याच्या नावावर आहे. तो स्वीडनचा, स्टॉकहोमच्या मुख्य रब्बीचा मुलगा. बाप हंगेरीच्या राज्यातून तिकडे गेलेला. एकाच कपाटातल्या दोन पुस्तकांत हे दोन क्लाइन शेजारी शेजारी असतात आणि नावावरून कोण कुणाचा हे कळायचा काहीच मार्ग नाही.

फेलिक्स क्लाइन १९२५ मध्ये वारला. त्यानंतर काही वर्षांतच जर्मनीत वाद सुरू झाला की हा यहुदी होता की काय. त्याचं आडनाव तसं होतं, गोटिंगेनला त्यानं यहुदी गणितींना साथ दिली होती, एमी न्योटर या यहुदी विदुषीला बोलावण्यात त्याचा हात होता. यहुद्यांची नावं देणाऱ्या एका यहुदीद्वेष्ट्या कोशात त्याचं नाव घालण्यात आलं. मग नाझींच्या बाजूच्या गणितींनाच त्याचं ‘शुद्ध’ जर्मनपण सिद्ध करण्यासाठी पुढे यावं लागलं. गणित राहिलं बाजूला, मेलेल्या माणसाच्या आजोबा-पणजोबांचा शोध सुरू झाला.

हे वाचताना मला माझी खोली शोधण्याची गोष्ट आठवली. माझं आडनाव हिंदूंतही असतं आणि मुसलमानांतही. बी.एड.ला असताना एका शहरात भाड्यानं खोली पाहत होतो. फोनवर आडनाव सांगितलं, भाडं ठरलं, रविवारी किल्ली घ्यायला या असं सांगण्यात आलं. रविवारी दारात घरमालकांनी पावतीसाठी पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. खोली आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिली गेली आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवलं. ते चिडले नाहीत, वाईट बोलले नाहीत, पाणीही विचारलं. आडनावानं त्यांना फसवलं होतं इतकंच, आणि पूर्ण नाव विचारून त्यांनी आपली सुटका करून घेतली.

जर्मनीत हे ‘पूर्ण नाव’ विचारण्याचं काम सरकारनं केलं. नाझी सत्तेवर येण्याआधीच, १९३२ मध्ये, प्रशियाच्या गृहखात्यातला हान्स ग्लोबके हा अधिकारी यहुद्यांना नावं बदलणं अवघड करण्याच्या कामी लागला होता. १९३८ च्या नावांच्या कायद्यातही त्याचा हात होता. १७ ऑगस्ट १९३८ च्या हुकुमानं ठरलं की ज्या यहुद्यांचं पहिलं नाव सरकारनं आखून दिलेल्या यादीतलं नाही, त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून एक जास्तीचं नाव लावायचं. पुरुषांनी ‘इस्राईल’, बायकांनी ‘सारा’. सही करताना, करारावर, ओळखपत्रावर, सगळीकडे. ऑक्टोबर १९३८ पासून त्यांच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्काही बसू लागला. एखादा हान्स क्लाइन, जो शेजारच्या ख्रिस्ती हान्स क्लाइनहून कागदावर वेगळा नव्हता, तो आता हान्स इस्राईल क्लाइन झाला.

मला त्या दोन नावांचं फार वाटतं. इस्राईल ही हजरत याकूब यांची लकब. सारा या हजरत इब्राहीम यांच्या पत्नी. माझ्या वर्गात आज दोन सारा आहेत. आईबाप हौसेनं ठेवतात ते नाव तिथे कारकुनानं शिक्क्यासारखं मारलं. ज्या ग्लोबकेनं ही कारागिरी केली तो युद्धानंतर तुरुंगात गेला नाही. १९५३ ते १९६३ अशी दहा वर्षं पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा तो प्रमुख होता.

१५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार यहुदी आगगाड्यांत कोंबून नेले गेले, बहुतेक सगळे ऑशवित्झला. दीडशे वर्षांपूर्वी ज्यांना क्लाइन, ग्रोस, श्वार्त्स, वाइस ही नावं मिळाली होती, त्यांची नातवंडं-पतवंडं त्यात होती. फलाटावर एसएसचे डॉक्टर उभे असायचे. उतरलेल्यांकडे पाहून कुणी कामाला जायचं आणि कुणी सरळ गॅसच्या कोठडीत, हे ते हाताच्या इशाऱ्यानं ठरवायचे. चौकातल्या त्या किश्शासारखंच, नुसत्या नजरेनं. या डॉक्टरांपैकी एक ट्रान्सिल्व्हेनियातला होता, म्हणजे जन्माच्या वेळी हंगेरीच्याच राज्यातला. त्याचं नाव फ्रिट्झ क्लाइन.

एप्रिल १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनची छावणी ब्रिटिश फौजेच्या हाती पडली तेव्हा तो तिथे सापडला. त्याला प्रेतांनी भरलेल्या खड्ड्यात उभं करून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. १३ डिसेंबर १९४५ रोजी हामेलन इथे त्याला फाशी दिली गेली.

यातलं बरंचसं मी वर्गात सांगितलं नाही. हुमैद तवीलपर्यंत आलो, बारक्यापर्यंत आलो, मुलं खूष झाली आणि तास संपला. इस्राईल आणि सारा ही नावं दहावीच्या इतिहासाच्या तासाला येतील तेव्हा पाहू. टी-शर्टवाल्या मुलानं मात्र दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की घरी त्याच्या दादीनं ते नाव वाचून घेतलं, अर्थ विचारला आणि म्हणाली, असं होय, म्हणजे आपला नन्हे मियाँ की! लहानेला आता वर्गात सगळे केल्विन म्हणतात. तो ओ देतो.